तीन वर्षांचा करार, दोन मुले आणि शाळेची निवड: एक प्रकरण अभ्यास

आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा अशा चौघांच्या कुटुंबाने परदेशी जाताना मुलांसाठी शाळा कशी निवडली, त्याची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. देशाचे आणि शाळांचे नाव कुठेही दिलेले नाही. अशा कुटुंबांना शाळाप्रवेशात मदत करणे हे माझे काम. या प्रकरणात माझा एक सल्ला चुकला आणि एका बाबतीत मी पुरेसा आग्रह धरला नाही. दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

आई अभियंता आहेत. नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्यांना परदेशातल्या एका प्रकल्पावर जाण्याबद्दल विचारले. १ एप्रिलला रुजू व्हायचे, करार तीन वर्षांचा आणि मुलांची फी कंपनी भरणार. वडिलांचे हिशेब तपासण्याचे काम कुठूनही करता येण्यासारखे होते, त्यामुळे नोकरी कोणी सोडायची हा एरवी घराघरांत अडणारा प्रश्न इथे फारसा अडला नाही.

मुलगी नववीत, मुलगा चौथीत. दोघेही मातृभाषेच्या माध्यमात शिकत होते आणि इंग्रजी हा त्यांचा एक विषय होता. मुलगी वर्गात कायम पहिल्या तिघांत. मुलगा बोलका, तोंडी हिशेबात झटपट. पण पुस्तक पुढे ठेवले की त्याला तहान लागायची, पेन्सिल सापडायची नाही, पोटात दुखायचे. घरात आणि शाळेत त्याला 'आळशी' हा शिक्का कधीच बसला होता.

नव्या देशात शाळेचे वर्ष ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होते. आईंनी आधी एकटे जायचे आणि बाकीच्यांनी जुलैत, एवढेच ठरले होते. जानेवारीत ते माझ्याकडे आले, तेव्हा वडिलांनी अकरा शाळांचा तक्ता तयार करून आणला होता. परीक्षांचे निकाल, एका शिक्षकामागे किती मुले, जलतरण तलाव, मैदान, ऑफिसपासूनचे अंतर असे सगळे त्यात होते. खूप कष्टाने केलेला तक्ता होता, पण मुलगी किंवा मुलगा यांच्याबद्दल त्यात एकही रकाना नव्हता. मी पहिल्यांदा तेच विचारले: या शाळेत तुमच्या मुलीला कोणत्या इयत्तेत बसवणार, आणि करार संपेल तेव्हा ती कुठे असेल?

अडचण नेमकी कुठे होती

वडील म्हणाले, "दहावीत. त्यांनीही तसेच कळवले आहे, इयर टेन."

इथेच पहिली गफलत होती, आणि ती मी दरवर्षी पाहते. ती शाळा इंग्लंडच्या पद्धतीची होती. त्या पद्धतीत मुले पाच वर्षांची झाली की 'इयर वन'मध्ये जातात. त्यामुळे तिथला आकडा आपल्या इयत्तेपेक्षा एकाने पुढे चालतो. 'इयर टेन' म्हणजे साधारण आपली नववी. ३१ ऑगस्टला मुलाला किती वर्षे पूर्ण झाली आहेत यावर तिथे वर्ग ठरतो. त्या दिवशी मुलगी १४ वर्षे ८ महिन्यांची असणार होती, म्हणजे वयाने ती 'इयर टेन'चीच. शाळेने फसवले नव्हते. पण नववी पूर्ण केलेली मुलगी पुन्हा नववीच्या वर्गात बसणार होती, आणि हे घरात कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तिच्या तर अजिबात नाही.

मग एक वर्ष पुढे, 'इयर इलेव्हन'मध्ये का नको? कारण त्या पद्धतीतला 'आयजीसीएसई' हा साधारण दहावीच्या तोडीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. 'इयर टेन'मध्ये सुरू होतो आणि 'इयर इलेव्हन'च्या शेवटी परीक्षा होते. अर्ध्यावर आलेल्या मुलाला शाळा सहसा घेत नाहीत, आणि घेतले तरी ते त्या मुलाच्या हिताचे क्वचितच असते.

दुसरी अडचण कराराच्या शेवटच्या तारखेत होती. कॅलेंडर पुढे घेऊन आम्ही बोटांवर मोजले. आयजीसीएसईच्या वाटेने गेले तर पहिल्या दोन वर्षांत ती परीक्षा होते, तिसऱ्या वर्षी 'ए लेव्हल', म्हणजे तिथली अकरावी-बारावी, सुरू होते आणि ते अर्धवट असतानाच करार संपतो. 'इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट', म्हणजे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत तिला थेट दहावीत घेतले तर पहिले वर्ष दहावी आणि पुढची दोन वर्षे 'डिप्लोमा', म्हणजे आयबीची अकरावी-बारावी. तीन वर्षे बरोबर बसतात असे वाटून वडिलांचा चेहरा खुलला. पण डिप्लोमाच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मे महिन्यात संपतात, आणि करार संपत होता ३१ मार्चला. परीक्षा महिनाभरावर आलेली असताना घर, व्हिसा आणि फी, तिन्ही एकदम सुटणार होते.

आई बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी अजून सही केलेली नाही."

या एका वाक्याने पुढचे सगळे बदलले.

तिसरी अडचण भाषेची. मुलगी इंग्रजी चांगले बोलते, असे पालक सांगत होते आणि ते खरे होते. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. नव्या भाषेत मूल साधारण दोन वर्षांत सहज बोलू लागते. पण त्या भाषेत इतिहासाचा युक्तिवाद मांडायला, प्रयोगाचा निष्कर्ष लिहायला, म्हणजे त्या भाषेत वाढलेल्या समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. मी मुलीला दुष्काळाच्या कारणांवर इंग्रजीत एक परिच्छेद लिहायला सांगितला. वीस मिनिटांत तीन वाक्ये आली. मातृभाषेत तेच लिहायला सांगितल्यावर दीड पान आले, आणि त्यात शेती, पाणी, कर्ज, स्थलांतर यांची साखळी नीट लावलेली होती. डोके कुठेही कमी नव्हते. त्याला अजून दुसरी भाषा मिळालेली नव्हती, इतकेच.

मुलाबद्दल त्या दिवशी फक्त पाच मिनिटे बोलणे झाले. "तो लहान आहे, कुठेही रुळेल," असे सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

समोर असलेले पर्याय

अकरा शाळांतून चार उरल्या. त्यांना क, ख, ग, घ म्हणू.

'क' इंग्लंडच्या अभ्यासक्रमाची शाळा. आईंच्या ऑफिसजवळ, देखणी, निकाल उत्तम. मुलीला जागा होती, मुलाच्या वर्गात प्रतीक्षायादी. 'ख' मोठी, सुमारे १४०० मुलांची, आयबीचे प्राथमिक, 'मिडल इयर्स' आणि डिप्लोमा असे तिन्ही टप्पे चालवणारी. 'ग' लहान, अडीचशे मुलांची, अमेरिकी धर्तीची आणि आठवीपर्यंतच. वर्गात सोळा-सतरा मुले आणि अध्ययनाला आधार देणारा शिक्षक वर्गातच बसलेला. 'घ' नवी होती, फी सर्वांत कमी, आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'आयबी'.

'घ' आम्ही लगेच बाजूला ठेवली. आयबीची मान्यता मिळालेली शाळा आणि मान्यतेसाठी अर्ज केलेली 'उमेदवार' शाळा यांत मोठे अंतर असते. उमेदवारीतून मान्यता मिळेलच याची खात्री नसते. ती मिळेपर्यंत मुलांना डिप्लोमाच्या परीक्षेला बसवता येत नाही. शाळा कदाचित चांगलीही असेल, पण पहिल्या तुकडीत जाण्याइतकी उसंत या मुलीकडे नव्हती. 'इंटरनॅशनल' हा शब्द कोणीही नावात लावू शकते. मान्यता कोणाची, कोणत्या वर्गांना, पुन्हा तपासणी कधी, हे मान्यता देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घ्यावे लागते. 'ख'ला कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्सची आणि 'ग'ला अमेरिकेतल्या 'वॅस्क'ची मान्यता होती, ती आम्ही अशीच तपासली.

पाचवा पर्याय आजीचा होता: "पोरीची दहावी इथे होऊ दे, मग जा." तो जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. मायदेशाचे प्रमाणपत्र हाती आले असते, मैत्रिणी सुटल्या नसत्या, आणि मुलीची स्वतःची इच्छा तीच होती. पण मग वर्षभर कुटुंब दोन देशांत विभागले असते. शिवाय मुलगी भाषेची काहीच तयारी नसताना थेट डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात पडली असती. मला ही दुसरी गोष्ट जास्त भीतीची वाटली. डिप्लोमात सहा विषय, त्यांतले तीन वरच्या पातळीवर, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. तो अभ्यासक्रम भाषा शिकवत बसत नाही, ती येते असे धरून चालतो.

मुलासाठी आईंनी स्थानिक सार्वजनिक शाळेचा विचार मनापासून केला. नऊ वर्षांचे मूल, तीन-चार वर्षे, नवी भाषा पक्की होईल, शेजारची मुले मित्र होतील. मला हा विचार आवडला होता. तो का सोडला ते पुढे येईल.

पहिला निर्णय: कोणती इयत्ता

'ख' शाळा मुलीला दहावीत घ्यायला तयार होती, नववीतही. पालकांना वर्ष 'वाया' जाणे सहन होत नव्हते. मी नववीच्या बाजूने होते. नववी आणि दहावी ही तिथे 'मिडल इयर्स' टप्प्याची शेवटची दोन वर्षे. त्यांत भाषेच्या आधाराचे तास मिळतात आणि चूक झाली तर ती कुठल्या बाहेरच्या गुणपत्रकावर येत नाही. डिप्लोमा सुरू झाला की तो आधार बहुतेक शाळांत आटतो.

पण नववी घेतली तर तीन वर्षांत ती डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात असणार. म्हणून करार बदलल्याशिवाय नववीला अर्थ नव्हता. आणि दहावी घेतली तरी मार्च आणि मे यांच्यातली फट होतीच. कोणत्याही वाटेने गेले तरी कंपनीशी बोलणे टळत नव्हते. मग थोडके का मागायचे?

आईंनी मनुष्यबळ विभागाला एक पानाचे पत्र लिहिले. त्यात विनवणी नव्हती. तारखांचा तक्ता, कुठे काय अर्धवट राहते आणि दोन पर्याय: करार परीक्षेच्या वर्षाच्या ३० जूनपर्यंत वाढवावा, किंवा आधी परत बोलावल्यास परीक्षा संपेपर्यंत फी आणि कुटुंबाच्या राहण्याची व्यवस्था लेखी द्यावी. नुसती फी पुरेशी नव्हती, कारण मुलांचा व्हिसा आईंच्या नोकरीला बांधलेला होता. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेव्हा कळले की प्रकल्प मुळातच चार वर्षांचा होता. तीन वर्षे हा कंपनीचा छापील नमुना. तारीख बदलून करार परत आला.

त्याच पत्रामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. 'फी कंपनी भरणार' म्हणजे फक्त शिकवणीची फी. अर्जाचे पैसे, शाळेच्या इमारतीसाठीचे शुल्क, बस, भाषेच्या आधाराचे जादा तास आणि परीक्षेची फी हे सगळे कुटुंबाच्या माथी होते. इमारतीचे शुल्क काही शाळा मूल सोडून गेल्यावर परत करतात, काही करत नाहीत. 'ख' करत नव्हती. आईंनी यातले भाषेचे तास आणि परीक्षेची फी करारात घालून घेतली, बाकीचे सोडून दिले.

मुलीला हे सगळे फेब्रुवारीच्या अखेरीस सांगण्यात आले. ती रडली नाही. तिने विचारले, "म्हणजे मी नापास झाल्यासारखी दिसणार का?" हा प्रश्न तिच्याशी आधी, जानेवारीतच बोलायला हवा होता. आम्ही तिघे मोठे माणसे तिच्या आयुष्याची वर्षे कागदावर इकडून तिकडे हलवत होतो आणि ती शेजारच्या खोलीत होती.

दुसरा निर्णय: अर्जातली रिकामी चौकट

'ख' आणि 'ग' या दोन्ही शाळांच्या अर्जात एक चौकट होती: मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का, कधी तपासणी झाली आहे का. पालकांनी ती रिकामी सोडली. तपासणी खरेच झाली नव्हती, पण शंका मात्र आईंच्या मनात दोन वर्षांपासून होती. "लिहिले आणि त्यांनी नाकारले तर?" असे वडील म्हणाले. ही भीती निराधार नाही. शाळा अशा कारणाने नाकारतात, आणि कारण वेगळेच सांगतात.

मार्चमध्ये 'ख'ने मुलाची चाचणी घेतली. 'कॅट फोर' नावाची ही चाचणी शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाशातली मांडणी अशा चार अंगांनी विचारशक्ती पाहते. आकृत्यांत मुलगा वयापेक्षा बराच पुढे, शब्दांत फार मागे. शाळेने विचारले, ही दरी भाषेमुळे आहे की आणखी कशामुळे?

चाचणी इंग्रजीत असल्यामुळे त्या निकालावरून याचे उत्तर कोणालाच देता येत नव्हते. नवी भाषा शिकणारे मूल आणि वाचन-अक्षमता असलेले मूल, दोघेही इंग्रजी चाचणीत सारखेच अडखळतात. फरक कळतो तो मातृभाषेतून तपासणी केल्यावरच, आणि ती मातृभाषा जाणणारा मानसशास्त्रज्ञ परदेशात मिळणे दुर्मीळ. म्हणून निघण्याआधी तपासणी करा, असे मी जानेवारीतच एकदा सुचवले होते. एकदाच. तेव्हा मुलाचा विषय पाच मिनिटांत आटोपला, तो मी आटोपू दिला.

तपासणी अखेर जूनमध्ये, निघण्याच्या पाच आठवडे आधी झाली. निष्कर्ष डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-अक्षमतेचा होता. मध्यम स्वरूपाची आणि बुद्धीशी तिचा काही संबंध नाही. आजवर ती लपली याचे एक कारण लिपीत होते. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्यामुळे मूल हळूहळू का होईना, पण अचूक वाचते. त्याचा संथपणा आळस म्हणून खपून जातो. इंग्रजीत एकच स्वर पाच तऱ्हांनी लिहिला जातो, तिथे हीच अडचण एकदम उघडी पडते.

अहवाल वाचून वडील कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग ते मुलाच्या खोलीत गेले आणि त्याच्याजवळ बसून राहिले. हे आईंनी मला फोनवर सांगितले.

नवी भाषा, नवी लिपी आणि वर वाचनाची अडचण, या तिहेरी ओझ्यामुळे स्थानिक शाळेचा पर्याय सोडला. ती रिकामी चौकट आता भरली. 'ख'ने सुधारित अर्ज पाहून 'विचाराधीन' कळवले आणि मग गप्प राहिली. 'ग'च्या मुख्याध्यापिकेने तिसऱ्या दिवशी फोन करून विचारले, "त्याला काय करायला आवडते?"

तिसरा निर्णय: एक शाळा की दोन

माझा सल्ला चुकला तो इथे. मी म्हटले, जुलैअखेर 'ख'ची वाट पाहा, दोघांना एकत्र ठेवा. अनोळखी देशात भावाला ताई एका इमारतीत असणे मोठा आधार असतो. सुट्ट्या, बस, पालकसभा सगळे एक. बहुतेक कुटुंबांना मी हेच सांगते.

आईंनी ऐकले नाही. त्यांचे म्हणणे, ताई जवळ असली तर तो तिच्या आडून बोलेल आणि ती आपला अभ्यास सोडून त्याची दुभाषी होईल. घरीही तेच होते: पाहुण्यांनी त्याला काही विचारले की उत्तर ताईच देते. मी तर्काने बोलत होते. आई रोज डोळ्यांसमोर घडणारे सांगत होत्या.

मुलगी 'ख'मध्ये नववीत, मुलगा 'ग'मध्ये. वयाप्रमाणे त्यालाही पुन्हा चौथीच मिळाली आणि या वेळी कोणी कुरकुर केली नाही.

प्रत्यक्षात काय केले

शाळेच्या फेरीत तलाव आणि नाट्यगृह दाखवतात. आईंनी एप्रिलमध्ये तिथे पोहोचल्यावर दोन्ही शाळांना वेगळे प्रश्न विचारले. दोन वर्षांपूर्वी एवढेच इंग्रजी घेऊन आलेल्या मुलाची आजची वही नाव झाकून दाखवाल का? भाषेच्या आधाराच्या तासाला मूल कोणता विषय बुडवते? त्या तासांतून बाहेर पडायचे कोण ठरवते? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? 'ख'ने वह्या दाखवल्या. शिक्षकांच्या प्रश्नाला मोघम उत्तर दिले, आणि ते आईंनी लिहून ठेवले.

मग मातृभाषा. डिप्लोमासाठी मुलीला इंग्रजी साहित्य घ्यावेच लागेल, असे पालक धरून चालले होते. तसे नाही. आयबी १९६८ मध्ये जिनिव्हात उभी राहिली ती मुळात देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात चालेल अशी परीक्षा मिळावी म्हणून. त्यामुळे शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी मूल आपल्या मातृभाषेचे साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने मुख्य भाषा म्हणून घेऊ शकते, मात्र साधारण पातळीवर. इंग्रजी मग दुसरी भाषा म्हणून घेता येते. आणि इतिहासासारखा विषय इंग्रजीत शिकून दोन्हीकडे किमान ३ ही श्रेणी मिळवली, तर पदविका द्विभाषिक ठरते. दीड पान लिहिणाऱ्या मुलीसाठी ही वाट मला फार मोलाची वाटली. म्हणून नववीपासूनच आठवड्याला दोन तास मातृभाषेच्या वाचनाचे, एका शिक्षिकेकडून ऑनलाइन, सुरू केले.

कागदपत्रांत एक घोळ झाला. मुलाची शाळा उशिरा ठरल्यामुळे त्याच्या दाखल्यावर अपॉस्टिलची, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारी मोहोर उमटायला उशीर झाला आणि तो पहिला आठवडा घरीच बसला.

काय झाले

मुलीची पहिली सहामाही वाईट गेली. कायम पहिल्या तिघांत असलेल्या मुलीला समाजशास्त्रात सातपैकी तीन मिळाले. वडिलांनी मला रागाने गुणपत्रक पाठवले. तिथे प्रत्येक विषयाला चार निकष, प्रत्येकाला आठपर्यंत गुण आणि त्यांच्या बेरजेवरून एक ते सात अशी श्रेणी असते. निकष सुटे करून पाहिले तर माहिती आणि समज यांत ती बरी होती. गुण गेले होते मांडणीत आणि चिकित्सक लेखनात. तेच अपेक्षित होते. वडिलांना ते पटायला दुसरे वर्ष उजाडले, तोवर श्रेणी पाचवर आली होती.

मात्र मला अपेक्षित नसलेला त्रास वेगळाच निघाला. तिची पहिली जिवलग मैत्रीण आठ महिन्यांत वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या खंडात गेली. अशा शाळांत हे सतत घडते, आणि मुलगी पुढे कित्येक महिने कोणाशी जवळीक करेना. आम्ही इयत्तेची, भाषेची, कराराची तयारी केली होती. याची केली नव्हती.

मुलगा 'ग'मध्ये तीन महिने जवळजवळ बोललाच नाही. शाळेने घाई केली नाही. नव्या भाषेत असा मुका काळ येतो, हे तिथल्या शिक्षिकेला माहीत होते. तिने त्याला आकृत्यांच्या कामात पुढे केले. डिसेंबरात तो गटाला पुलाची प्रतिकृती समजावून सांगत असल्याची चित्रफीत आईंना मिळाली. वाक्ये मोडकी होती, हात मात्र थांबत नव्हते. ताई जवळ असती तर ते वाक्य तिने पूर्ण केले असते, असे आई म्हणाल्या. मला ते मान्य करावे लागले. वाचन अजूनही संथ आहे. पण पेन्सिल हरवायची थांबली.

दोन शाळांची किंमत कुटुंबाने मोजली. वसंतातल्या सुट्ट्या दोन्ही वर्षी एका आठवड्याने चुकल्या, दोन पालकसभा एकाच संध्याकाळी आल्या, आणि वडिलांची सकाळची कामाची वेळ बसथांब्यांवर गेली.

पुन्हा करायचे झाले तर

मुलाची तपासणी डिसेंबरातच करायला लावेन, आणि पालकांनी विषय बदलला तर मी बदलणार नाही. जूनमध्ये अहवाल आल्यामुळे 'ख'ला विचार करायला वेळच उरला नव्हता. आधी दिला असता तर कदाचित त्यांनी घेतलेही असते. 'ग'सारखी शाळा सापडली हे या कुटुंबाचे नशीब. तिथे 'ग' नसतीच तर काय केले असते, याचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते.

मुलीला पहिल्या बैठकीला बसवेन. निर्णय बहुधा तोच झाला असता, पण 'नापास झाल्यासारखी दिसणार का' हा प्रश्न विचारायला तिला दीड महिना उशीर झाला नसता. घरी दहावी करण्याच्या तिच्या इच्छेचा आम्ही गुणदोषांनी विचार केला, तिच्याशी मात्र कोणीच वाद घातला नाही. हरले तरी वाद घालायला मिळणे तिच्या हक्काचे होते.

शिक्षकांच्या गळतीबद्दल मोघम उत्तर मिळाले, तेव्हा मी शाळेला पुन्हा लिहायला लावेन. दुसऱ्या वर्षी भाषेच्या आधाराच्या दोन्ही शिक्षिका एकाच वेळी गेल्या आणि नवी येईपर्यंत सात आठवडे त्या तासांना बदली शिक्षक होते.

सहीच्या आधी करार वाचण्याबद्दल मी काही बदलणार नाही. फक्त तो माझ्याकडे येण्याआधीच कॅलेंडरशेजारी ठेवून वाचला गेला असता, तर अकरा शाळांचा तक्ता करण्यात गेलेले वडिलांचे दोन महिने वाचले असते.

हे लिहिताना मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात आहे. मुख्य भाषा मातृभाषा, वरच्या पातळीवर इतिहास, जीवशास्त्र आणि इंग्रजी. तिला चार हजार शब्दांचा निबंधही मातृभाषेच्या साहित्यावर लिहायचा आहे. त्यासाठी मार्गदर्शक शाळेतलाच शिक्षक लागतो आणि ती भाषा वाचणारे तिथे कोणी नाही. शाळेशी बोलणे चालू आहे. मुलगा सहावीत आहे. त्याच्या अहवालाला आता दोन वर्षे होऊन गेली. पुढच्या शाळेला परीक्षेत जादा वेळ मागायचा तर ताजा अहवाल दाखवावा लागेल. उन्हाळ्यात घरी येतील तेव्हाची त्याची तपासणीची वेळ आईंनी आताच घेऊन ठेवली आहे, दोन्ही भाषांतली.